नौपाड्यातली पायथनची संध्याकाळची बॅच: पैसे वसूल, एक विषय सोडून

कोडिंगचे क्लास ठाण्यात पैशाला पासरी आहेत. बहुतेक ठिकाणी सर फळ्यावर लिहितात आणि पोरं उतरवून घेतात. इथे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना स्वतः टाइप करायला लावतात, वर तयार झालेली फाइल उघडून दाखवायला लावतात. माझ्यासारख्या नोकरीवाल्यांना (मी तुर्भ्याला ट्रान्सपोर्ट ऑफिसात आहे) हेच हवं असतं.

फाइलमध्ये मजकूर लिहिण्याचा तास तर अफलातून. सर म्हणाले, आपापल्या स्टेशनच्या नावाचा फोल्डर धरा, इंग्रजी छोट्या अक्षरांत, आणि त्याचा पत्ता फाइलमध्ये लिहा. माझं तुर्भे, म्हणजे d:\turbhe (मधली तिरकी रेघ म्हणजे बॅकस्लॅश). नोटपॅडमध्ये बघते तर ‘डी:’ नंतर मोकळी जागा आणि पुढे ‘उर्भे’. बॅकस्लॅशही गुल, टीही गुल! शेजारी नेरुळचे काका; त्यांची ओळ मधेच तुटून ‘एरुळ’ खाली. कारण अवतरणचिन्हांत (कोटमध्ये) बॅकस्लॅशनंतर टी आला की पायथन टॅब समजतो, एन आला की नवी ओळ. ऐरोलीच्या ए ची घंटा होते, बेलापूरच्या बी चा बॅकस्पेस. अर्धी नवी मुंबई घोटाळ्यात! घणसोली, कोपरखैरणेवाले तेवढे सुटले (जी आणि के ला असा खास अर्थ नाही), तेही पायथनच्या ३.१२ आवृत्तीपासून वॉर्निंग खाऊनच. काकांनी हुशारीने कॅपिटल एन केला, तर प्रोग्रॅम चालेचना. ती खूण पायथनने युनिकोड अक्षरांच्या नावांसाठी राखून ठेवलीय. उपाय मात्र सोपा: कोटाआधी आर लावा, म्हणजे बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो, नाहीतर साधा स्लॅश (/) वापरा, विंडोजवर तोही चालतो.

नाराजी आहे ती मराठीबद्दल. विंडोजवर एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) न सांगता मराठी नाव लिहायला गेलं की सहसा एरर येतो. सर ‘यूटीएफ-८ द्या’ (मराठी अक्षरं चालणारं एन्कोडिंग) एवढं बोलून पुढे सरकले. पण तशी लिहिलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली यादीची फाइल) डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की ड्रायव्हरांच्या नावांच्या जागी डोक्यावर रेघा असलेली रोमन अक्षरं. ‘यूटीएफ-८-सिग’ हा तोडगा बॅचमधल्या एका पोराने खाली चहाच्या टपरीवर सांगितला: फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण पडते, ती बघून एक्सेल ओळखतो. फी घेणाऱ्यांनी हे सांगायला नको का? ऑफिसात मराठी याद्या करणारे आमच्यात निम्मे तरी होते.

एसी आहे, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. फी एकरकमी मागतात. दोन हप्ते करा म्हटलं तर कुरकुरत का होईना, करून देतात.