प्रिंटच्या पाठीवर कॉपीराइटचा शिक्का: काही महिने वापरल्यावर

सेल्फ-इंकिंग, म्हणजे आतच शाईचा पॅड असलेला शिक्का कसा दाबायचा, ४७ बाय १८ मिलिमीटरमध्ये किती ओळी बसतात, हे विकणारा सांगतोच. मी फक्त फोटोच्या प्रिंटवर तो मारण्याबद्दल लिहितोय. साखरपुड्याच्या आठ बाय बाराच्या प्रिंटा पार्टीने परत आणून टेबलावर टाकल्या तेव्हाच लिहायचं ठरवलं. नवरीच्या गालावर माझा मोबाइल नंबर उमटला होता, निळ्या शाईत, उलट्या आकड्यांत. वरच्या प्रिंटच्या पाठीवरची शाई खालच्या फोटोवर उतरली होती.

सगळ्या प्रिंटा पुन्हा काढून दिल्या, अर्थात स्वखर्चाने. शिक्केवाल्याकडे गेलो तर त्याने स्वतःच्या बिलबुकावर शिक्का मारून दाखवला. "बघा साहेब, लगेच सुकला." सुकणारच. पण मी काय बिलबुकं विकतो?

लॅबमधून येणारी रंगीत प्रिंट दिसते कागदासारखी, पण कागद मध्ये असतो आणि दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचा थर. पाणी आत मुरत नाही, म्हणून तर ती मशीनमधून धुऊन-सुकून काही मिनिटांत बाहेर पडते. शिक्क्याची नेहमीची शाई पाण्या-ग्लिसरीनची असते. पॅडमध्ये महिनोन्‌महिने ओली राहावी म्हणूनच ती तशी बनवतात. कागदावर ती मुरते, त्यालाच आपण सुकली म्हणतो. प्लॅस्टिकवर मुरायला जागाच नाही. सकाळी मारलेल्या शिक्क्यावरून संध्याकाळी अंगठा फिरवून पाहिला, तर अंगठा निळा आणि नंबरचा नुसता फराटा. वीस प्रिंटांची चळत दाबून पाकिटात घातली की पुढचं सांगायला नको.

मग प्लॅस्टिक-धातूवर चालणारी सॉल्व्हंटची, म्हणजे पाण्याऐवजी झटकन उडून जाणाऱ्या द्रावकाची शाई आणली. छोटी बाटली, पण साध्या शाईच्या कितीतरी पट भाव. तीच या शिक्क्याच्या पॅडमध्ये ओतली. पहिले काही दिवस काय सांगू! शिक्का मारला, दहा मोजले, बोट फिरवलं, काही नाही. त्या आठवड्यात मी भेटेल त्या फोटोग्राफरला हाच शिक्का घ्यायला सांगत होतो. ती शिफारस आता मागे घेतो. सॉल्व्हंट उडून जातो आणि या शिक्क्यांचा पॅड काही हवाबंद नसतो. पंधरवड्यात पॅड पापडासारखा कडक झाला. त्यात अक्षरांचं रबर, खरं तर ते पॉलिमर होतं, फुगून चिकट झालं आणि नंबरातला ३ आणि ८ सारखेच दिसायला लागले. मोबाइल नंबर वाचता येत नसेल तर मग शिक्का मारायचा तरी कशाला?

आता जे चालू आहे ते आजोबांच्या जमान्यातलं: लाकडी मुठीचा साधा लाल रबराचा शिक्का आणि सॉल्व्हंट शाईचा झाकण घट्ट बसणारा वेगळा पॅड. काम झालं की रबर लगेच पुसायचं. खटॅक-खटॅक करत झरझर मारायची मजा गेली, पण डागही गेले. लाकडी शिक्का सेल्फ-इंकिंगच्या निम्म्या किमतीत झाला, हे जास्त खुपतं.

आता माझं खरं दुखणं. ते गोलातलं सी. सगळा मजकूर स्वच्छ उमटतो, नाव, गाव, नंबर, साल, सगळं. फक्त © हे चिन्ह म्हणजे काळा ठिपका. गोल आणि सी यांच्यामधली फट इतकी बारीक की शाई तिथे भरते. लोकांना वाटतं मी नावाआधी तीट लावलीय. शिक्केवाल्याचं म्हणणं, मशीनमध्ये असंच येतं. मी म्हटलं, चिन्ह मोठं करा. त्याने अख्खी ओळ मोठी केली आणि नंबरचा शेवटचा आकडा चौकटीच्या बाहेर गेला. दुसऱ्यांदा गोल मोठा केला, पण आतला सी तेवढाच ठेवला. डोळ्यात बाहुली असावी तसं ते दिसत होतं! या एका चिन्हापायी मी जितक्या चकरा मारल्या तेवढ्यात दोन बारशांची कामं झाली असती. घरचे हसतात. हसू देत.

बरं, आपल्याकडे हक्क मिळायला ते चिन्ह लागतच नाही. नोंदणीही लागत नाही. फोटो काढला की कॉपीराइट आपोआप येतो. अमेरिकेतसुद्धा चिन्हाची सक्ती १ मार्च १९८९ पासून गेली. प्रश्न वेगळाच आहे: तो हक्क येतो कोणाकडे? शिक्क्याच्या भांडणापायी कायदा उघडला आणि जरा गार पडलो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये म्हटलंय की मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे लग्नाची पार्टी. आपण वर्षानुवर्षं लग्नाच्या प्रिंटांच्या पाठीवर 'सर्व हक्क राखीव' मारतोय, आणि करार केलेला नसेल तर ते हक्क आहेत नवऱ्या मुलाच्या वडिलांचे!

फोटोचा कर्ता मात्र फोटो काढणाराच राहतो आणि कर्ता म्हणून नाव सांगण्याचा कलम ५७ चा हक्क त्याच्याकडेच असतो, कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी. म्हणून मी दोन गोष्टी केल्या. ऑर्डरच्या फॉर्मवर कॉपीराइट कोणाकडे राहील आणि पार्टीला प्रिंटा कशा वापरता येतील, हे दोन ओळींत छापून खाली सही घ्यायला लागलो. आणि शिक्के दोन केले. ज्यांची सही आहे त्यांच्या प्रिंटांवर कॉपीराइटचा, बाकीच्यांवर नुसतं 'छायाचित्र:' आणि पुढे नाव, नंबर. सहीवरून आजवर कोणी कुरकुर केली नाही. एका काकांनी फक्त विचारलं, "म्हणजे आमचाच फोटो आम्ही डीपीला ठेवायचा नाही का?" ठेवा की काका, त्यासाठीच काढलाय.

एवढी बोंब मारून झाल्यावर शिक्क्याची बाजूही सांगायला हवी. दिवाळीनंतर कऱ्हाडहून एका लॅबवाल्याचा फोन आला. कोणीतरी माझी प्रिंट स्कॅन करून मोठी करायला आणली होती, फ्लेक्सवर टाकायला. त्याने प्रिंट उलटी केली, नंबर दिसला, फोन केला. वाढदिवसाचा फ्लेक्स होता आणि माणूस ओळखीतलाच निघाला. मी मूळ फाइल पाठवली, रीतसर पैसे आले आणि वर पुढच्या महिन्यातलं एक काम मिळालं. कायद्याची भीती दाखवून एक रुपया मिळाला नव्हता, तो नंबरने मिळवून दिला. तेव्हापासून माझ्या शिक्क्यात नंबर सगळ्यात मोठा आहे. जुने स्टुडिओवाले पाठीवर निगेटिव्ह नंबर घालून 'कॉपी केव्हाही मिळेल' असं छापायचे, त्यांना हे आधीच कळलेलं होतं. फाइलच्या आत भरलेलं नाव व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो गेला की गळून पडतं. प्रिंटच्या पाठीवरचं तिथेच राहतं.

बाकीचे उपाय थोडक्यात. बॉलपेनने पाठीवर लिहू नका. उजेडात तिरकी धरली की समोरून चेहऱ्यावर वळ दिसतात. साधी पेन्सिल या पाठीवर उठतच नाही. उलट कॉटन रॅगच्या, म्हणजे कापसापासून केलेल्या कागदावर, प्रदर्शनाच्या प्रिंटांसाठी, मऊ पेन्सिलच उत्तम आणि सॉल्व्हंटची शाई अजिबात नको. चिकटणारं लेबल म्हटलं तर वर्षभरात त्याचा गोंद कडेने बाहेर येतो आणि दोन प्रिंटा एकमेकींना चिकटतात. लॅबवाल्यांना विचारून पाहा, काही मशीन प्रिंटच्या पाठीवर फाइलचं नाव आणि तारीख छापतात. तिथे स्वतःचं नाव घालून देणारा लॅबवाला भेटला तर हा सगळा लेख विसरा. मला भेटलेला नाही.

समोरच्या बाजूला पांढरी कड सोडली असेल तर उठावाचं सील, म्हणजे कागद दाबून अक्षरं उठवणारं, देखणं दिसतं. कंपनी कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना सीलची सक्ती राहिली नाही, त्यामुळे आमच्या शिक्केवाल्याकडचं ते यंत्र धूळ खात पडलंय आणि भावात घासाघीस करायला वाव आहे. शाई नाही, सुकायची भानगड नाही. पण त्यातही © करून द्या म्हटलं तर तो हात जोडतो.

घ्यायचाच असेल तर लाल रबर, लाकडी मूठ, अक्षरं आठ पॉइंटच्या खाली नकोत आणि गोलातलं सी नकोच, सरळ 'कॉपीराइट' लिहून घ्या. मारल्यावर प्रिंटा लगेच चळतीत लावू नका, तासभर सुट्या पसरून ठेवा आणि पाकिटात घालताना मध्ये बटर पेपर घाला. सॉल्व्हंटचा पॅड झिपच्या पिशवीत ठेवा. मे महिन्यात आमच्या सांगलीच्या उन्हात झाकण कितीही घट्ट लावलं तरी तो सुकतो, तेव्हा मोठी बाटली घेऊन पैसे अडकवू नका, लागेल तशी छोटीच आणा.