महिलांचं स्वच्छतागृह की सर्वांसाठीची बंद खोली?

महापे एमआयडीसीत एचआर बघणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "नवी सहकारी ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेली स्त्री. महिलांचं स्वच्छतागृह तिला खुलं ठेवू, की वेगळी खोली देऊ?"

खर्चात पहिला पर्याय पुढे, काहीच बांधावं लागत नाही. दुसऱ्याला जागा, पाण्याची आणि ड्रेनेजची लाईन, गाळामालकाची परवानगी, सगळंच लागतं.

सन्मानाचं गणित एवढं सोपं नाही. 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवरच्या) निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, शस्त्रक्रियेची अट बेकायदा ठरवली. मग दाराशी कागद मागायचा कुणी? वेगळी खोली फक्त तिच्यासाठी ठेवली, तर तिथे जाणं म्हणजे रोज सगळ्यांसमोर स्वतःची ओळख जाहीर करणं. हे मला अजिबात पटत नाही. तीच खोली सर्वांसाठी असेल तर बोट दाखवायला कारण उरत नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या 2020 च्या केंद्रीय नियमांतही आस्थापनांच्या संदर्भात युनिसेक्स, म्हणजे सर्वांना वापरता येणाऱ्या, स्वच्छतागृहाचा उल्लेख आहे.

इतर बायकांचा संकोचही खरा आहे, तो झटकू नका. भिंती छतापर्यंत आणि कडी धड असली की बराचसा संकोच तिथेच मिटतो. कपडे बदलायच्या सामायिक खोलीत मात्र पडद्यांवर भागत नाही, बंद कप्पेच हवेत.

लहान ऑफिस, भाड्याचा गाळा असेल तर पहिला पर्याय, कड्या दुरुस्त करून. जिम, कारखान्यातल्या शिफ्ट किंवा नवं बांधकाम असेल तर दुसरा, सर्वांसाठी. आणि आधी तिलाच विचार, तिला कुठे जायला बरं वाटतं.