झेड ६ टू आणि जुन्या निकॉन लेन्स: दहा महिन्यांनंतर काय ठेवलं, काय विकलं

निकॉनच्या डी७५० या आरशाच्या कॅमेऱ्यावरून (डीएसएलआर) झेड ६ टू या बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर येऊन दहा महिने झाले, मध्ये एक अख्खा पावसाळाही गेला. बॉडीचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, ते सोडून देतो. लिहायचंय ते लेन्सबद्दल, कारण पैसा तिथेच जातो. आणि एफटीझेड अडॅप्टरबद्दल, म्हणजे जुन्या डीएसएलआरच्या लेन्स झेड बॉडीला जोडणाऱ्या तुकड्याबद्दल, कारण कुठली लेन्स राहणार आणि कुठली जाणार हे शेवटी त्यानेच ठरवलं.

नवीन काही घ्यायच्या आधी जुनी बॅग रिकामी करा आणि प्रत्येक लेन्स उलटी धरून मागचं धातूचं कडं बघा. कड्याच्या कडेला स्क्रूच्या डोक्यासारखी खाच असलेला छोटा दांडा दिसला, तर त्या लेन्समध्ये मोटर नाही. डीएसएलआरच्या बॉडीतली मोटर तो दांडा फिरवून फोकस करायची. झेडच्या बॉडीत ती मोटर नाही आणि निकॉनच्या एफटीझेडमध्येही नाही. म्हणजे ५० एफ/१.८ डी किंवा ८५ एफ/१.८ डी लावली, तर ॲपर्चर (लेन्समधलं उघडझाप होणारं छिद्र) चालतं, एक्सिफमध्ये (फोटोसोबत साठणाऱ्या नोंदीत) माहिती येते, पण फोकस हातानेच करायचा. नुसतं ‘डी’ अक्षर बघून निर्णय घेऊ नका, कारण एएफ-एस (आतच मोटर असलेल्या) असूनही डी असलेल्या लेन्स आहेत. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तर ऑटोफोकस मिळतो. इतर कंपन्यांच्या लेन्सबाबत आवृत्ती विचारा. टोकिना ११-१६ ची निकॉनसाठीची पहिली आवृत्ती बिनमोटरची होती, मोटर दुसरीत आली. सेकंड हँड बाजारात दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात.

अडॅप्टरने फोटोचा दर्जा घसरतो ही भीती मात्र काढून टाका. एफ माउंटमध्ये, म्हणजे जुन्या डीएसएलआरच्या लेन्स-जोडात, लेन्सच्या कड्यापासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिमी अंतर असतं, झेडमध्ये १६. उरलेले ३०.५ मिमी एफटीझेड भरून काढतो. आत काच नाही, पोकळी आहे.

आता माझी मुख्य तक्रार, ती म्हणजे पहिल्या एफटीझेडचा पाय. अडॅप्टरच्या खाली ट्रायपॉडचं भोक असलेला एक ठोकळा आहे. तो एवढा खाली येतो की बॉडीला ट्रायपॉडची रुंद प्लेट किंवा एल-ब्रॅकेट (एल आकाराची प्लेट) लावलं की त्यावर अडकतो. मग प्लेट त्या पायालाच लावावी लागते. एफ लेन्स लावलेली असेपर्यंत हे बरं वाटतं, तोलही चांगला राहतो. पण झेड लेन्स लावायची वेळ आली की अडॅप्टर काढायचा, आणि अडॅप्टर काढला की बॉडी ट्रायपॉडवरून सुटून हातात येते. प्लेट पायाची सोडवा, बॉडीला लावा, फ्रेम पुन्हा जुळवा. पहाटेच्या उजेडात हे केलं की उजेड गेलेला असतो. २०२१ मध्ये आलेल्या एफटीझेड टू ला हा पाय नाही. त्यामुळे प्लेट कायम बॉडीला राहते, लेन्स कुठलीही लावा. सेकंड हँड अडॅप्टर घेताना दोघांच्या किमतीत थोडाच फरक दिसला, तर तो फरक द्या. ट्रायपॉड वापरणाऱ्याने पायवाला अडॅप्टर केवळ स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये. हे मी दोन्ही वापरून सांगतोय.

सुरुवातीला ठरवलं होतं की एएफ-एस २४-१२० एफ/४ जी अडॅप्टरवर चालतेय तर नवी घ्यायची नाही. सहाव्या महिन्यात हे मत बदललं. जुनी लेन्स ७१० ग्रॅम, वर अडॅप्टरचे साधारण १३०, म्हणजे ८४०. झेड २४-१२० एफ/४ एस भरते ६३०. लांबीतही जुनी अडॅप्टरसकट १३४ मिमी होते, नवी ११८. गडावर दिवसभर गळ्यात वागवायची असेल तर हे २१० ग्रॅम मानेला कळतात. पण पैसे वसूल झाले ते जवळच्या फोकसमुळे. जुनी ०.४५ मीटरपर्यंत यायची, सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराच्या ०.२४ पट उमटायची. नवी ०.३५ मीटरपर्यंत येते आणि ०.३९ पट देते. कास पठारावर फुलांत न शिरता, वाटेच्या कडेला बसून सीतेची आसवं ही बारीक निळी फुलं चौकटभर घेता येतात. निळी पाकळी आणि तळाचे ठिपके स्वच्छ वेगळे दिसतात. वेगळी मॅक्रो लेन्स घ्यायचा विचार तिथेच सोडला. शिवाय दोन्ही लेन्सचा फिल्टर ७७ मिमीचा आहे, जुना पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) आणि एनडी (उजेड कमी करणारा) तसाच चढला. चांगला पोलरायझर किती महाग असतो हे माहीत असणाऱ्याला यातलं सुख कळेल. २४-७० एफ/४ एस घेतली असती तर तिचा फिल्टर ७२ मिमीचा, म्हणजे मोठा फिल्टर बसवायला स्टेप-अप रिंग आली आणि हूड लावायची पंचाईत झाली.

एक सावधगिरी. झेड २४-१२० मध्ये व्हीआर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी लेन्समधली सोय) नाही, ती बॉडीतल्या स्थिरीकरणावर अवलंबून आहे. झेड ६ टू वर ते पाच अक्षांवर मिळतं, एफ लेन्स अडॅप्टरवर असेल तर तीन. झेड ५० किंवा झेड एफसी असेल तर बॉडीत स्थिरीकरणच नाही, तिथे ही लेन्स घेताना शंभरदा विचार करा.

८५ एफ/१.८ जी च्या बाबतीत उलट झालं. ही विकायचीच असं ठरलं होतं. डी७५० वर एएफ फाइन-ट्यून (ऑटोफोकसची बारीक जुळवणी) करूनही एफ/१.८ ला दहातले चार फोटो डोळ्याऐवजी पापणीच्या पुढे नाहीतर कानावर शार्प यायचे. कारण डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, फोटो घेणारा वेगळा, आणि दोघांत केसाएवढा फरक असला तरी उघड्या ॲपर्चरला तो दिसतो. झेडमध्ये फोकस फोटोच्या सेन्सरवरच मोजला जातो. तीच लेन्स, अडॅप्टर मध्ये, आय-एएफ (डोळा ओळखणारा ऑटोफोकस) चालू, आणि फोकस डोळ्यावर. केसांच्या कडेला हिरवी-जांभळी झाक अजून येते, तो काचेचा दोष, अडॅप्टरने जाणार नाही. नवी झेड ८५ एफ/१.८ एस ४७० ग्रॅम, ही अडॅप्टरसकट ४८०. वजनात काही मिळत नाही, फिल्टर दोन्हींचा ६७ मिमी. मग एवढे पैसे कशाला घालायचे? हॉलच्या मंद दिव्यात फोकस मागेपुढे धावायला लागला तर ॲपर्चर तपासा. झेड बॉडी निवडलेल्या ॲपर्चरवरच फोकस करते, फक्त एफ/५.६ च्या पुढे बंद करत नाही. एफ/५.६ वरून एफ/२.८ वर आलात की धावपळ थांबते.

५० एफ/१.८ डी विकली नाही, कारण विकून येणार किती? ती ताऱ्यांसाठी ठेवली आणि त्याचा पस्तावा नाही. झेड लेन्सचं फोकस कडं विजेवर चालतं, कडं आणि काच यांचा थेट संबंध नाही. डी लेन्सचं कडं काचेशी थेट जोडलेलं आहे, जिथे ठेवाल तिथे राहतं. ॲपर्चरचं कडं एफ/२२ वर लॉक करा आणि आकडा बॉडीवरून एफ/२.८ ठेवा, त्याहून उघडं केलं की कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात. अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नका, कडं तिच्या थोडं पुढेही जातं. एक ठळक तारा १०० टक्के मोठा करून, तो सगळ्यात बारीक होईल तिथे थांबा आणि कड्यावर कागदी टेपचा तुकडा चिकटवा. शटर ५ ते ६ सेकंद. ५०० च्या नियमाने (५०० भागिले लेन्सचे मिमी) १० येतात, पण २४ मेगापिक्सेलवर तेवढ्यात रेघा दिसतात.

पावसाळ्यात एक त्रास झाला. लेन्स नीट बसलेली असूनही ॲपर्चरच्या जागी ‘एफ--’ दिसायचं. एका सर्व्हिस काउंटरवर लेन्स उघडायचं एस्टिमेट हातात ठेवलं. लेन्सला काहीही झालं नव्हतं. अडॅप्टरमुळे जोड एकाऐवजी दोन होतात, म्हणजे सोनेरी संपर्कबिंदूंच्या चार रांगा, आणि दमट हवेत त्यांवर मळाचा थर धरतो. बॉडी बंद करा, सुक्या मायक्रोफायबरने चारही रांगा पुसा, गेलं नाही तर कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून पुसा. फवारा थेट मारू नका. आरसा नसल्याने सेन्सरवर धूळही लवकर बसते, म्हणून लेन्स बदलताना बॉडी बंद आणि तोंड जमिनीकडे. महिन्यातून एकदा एफ/१६ ला मोकळ्या आकाशाचा फोटो घेऊन डाग तपासा. ड्राय कॅबिनेटचा काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जुन्या लेन्समध्ये टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे दिसले, तर तिच्यासाठी अडॅप्टर घेण्यात अर्थ नाही.

राहिली २००-५०० एफ/५.६ ई. २३०० ग्रॅमची ही लेन्स भिगवणला होडीत हातात धरून अजून चालते. पाण्यात उभ्या रोहितांना (फ्लेमिंगोंना) फोकस पक्का बसतो, थवा उडाला की डी७५० पेक्षा जास्त फ्रेम वाया जातात. झेड १८०-६०० हलकी आहे, पण माझ्या वापराला तेवढा खर्च परवडत नाही. हिला स्वतःची कॉलर (ट्रायपॉडला जोडायचं कडं) आहे, त्यामुळे अडॅप्टरच्या पायाचा इथे काही त्रास नाही. म्हणून जुना एफटीझेड कायमचा हिलाच लावून ठेवलाय, मागे झेडचं झाकण घालून. एफटीझेड टू ८५ आणि ५० मध्ये फिरतो.