टाऊनएंड की हिल टॉप? लेक डिस्ट्रिक्टमधली दोन दगडी शेतघरं

वायव्य इंग्लंडातल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये विंडरमियरला मुक्काम, हाताशी जेमतेम अर्धा दिवस आणि एखादं जुनं दगडी शेतघर आतून नीट बघायची हौस. अशा वेळी दोन नावं हमखास पुढे येतात: ट्राउटबेक गावातलं टाऊनएंड आणि निअर सॉरीचं हिल टॉप. दोन्ही सतराव्या शतकातली, दोन्ही तिथल्याच स्लेटच्या दगडाची, दोन्ही आज वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे. गर्दी लोटते ती हिल टॉपला. माझं मत आधीच सांगतो: घरासाठी जाणार असाल तर टाऊनएंड, पीटर रॅबिटच्या गोष्टी लिहिणाऱ्या आणि चितारणाऱ्या बीट्रिक्स पॉटरसाठी जाणार असाल तर हिल टॉप.

टाऊनएंड १६२६च्या सुमाराचं आहे, आणि या सालाला महत्त्व आहे. इथले शेतकरी म्हणजे वहिवाटीची कुळं. जमीन वंशपरंपरेनं कसायची आणि त्या बदल्यात वेळ आलीच तर स्कॉटलंडच्या सीमेवर लढायला जायचं, असा जुना रिवाज. १६०३ मध्ये पहिला जेम्स इंग्लंड आणि स्कॉटलंड दोन्हींचा राजा झाला. आता राखायला सीमाच उरली नाही, मग हा हक्क तरी कशाला, असं म्हणत त्यानं ही वहिवाट मोडायला घेतली. केंडल भागातली कुळं एकत्र आली, कज्जा लढली आणि १६२५ मध्ये स्टार चेंबर न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला. घर आपल्याच लेकराबाळांकडे राहणार ही खात्री असली की माणूस दगडात बांधायला धजतो. पुढच्या शंभरेक वर्षांत या खोऱ्यांमधून दगडी शेतघरं उभी राहत गेली. टाऊनएंड त्यातलं सुरुवातीचं. ब्राऊन घराणं तिथे १९४३पर्यंत नांदलं.

बाहेर उभं राहून आधी धुराडी बघा. चौकोनी बैठकीवर गोल नळकांड्यासारखी उभी आहेत. स्लेट पातळ थरांत फुटते, कोपऱ्याला बसेल असा घडीव चिरा तिच्यातून सहसा निघत नाही. गोल बांधलं की कोपऱ्याचा प्रश्नच मिटतो. त्या भागातली ही धुराडी कवी वर्ड्सवर्थलाही फार आवडायची. भिंती जाड, वरून चुन्याचा पांढरा हात, खिडक्या ओकच्या उभ्या दांड्यांनी विभागलेल्या. चुना इथे शोभेपुरता नाही. भिंतीत मुरलेली ओल तो बाहेर पडू देतो, आणि इंग्लंडातल्या सर्वांत पावसाळी मुलखात घर टिकायला तेच लागतं. रस्त्यापलीकडे याच घराचं १६६६ सालचं कोठार आहे. ते उतारात बांधलंय, त्यामुळे वरच्या अंगानं गवताची गाडी थेट माळ्यावर जाते आणि खालच्या अंगाला गुरांचा गोठा. तेवढंच बघायला दहा मिनिटं रस्त्यावर थांबलात तरी वाया जाणार नाहीत.

आत शिरलात की धुण्या-रांधण्याचं डाऊनहाऊस आणि पुढे चूल पेटती ठेवायचं फायरहाऊस. आपल्याकडच्या माजघरासारखी, सगळं घर जिथे वावरतं ती खोली. कपाटं, खुर्च्या, पलंग, जिकडे बघाल तिकडे ओकचं कोरीव काम. मात्र इथे जरा सावध राहा. सतराव्या शतकातलं वाटणारं बरंचसं काम एकोणिसाव्या शतकातल्या जॉर्ज ब्राऊनच्या हातचं आहे. त्याला जुन्या धाटणीचं कोरायचा नाद होता. मला ते खोटं वाटत नाही. घरातल्याच माणसानं आपल्या घरावर केलेलं ते प्रेम आहे. सगळ्यात थक्क करतो तो पुस्तकांचा संग्रह: सुमारे १५०० पुस्तकं, त्यातल्या ४५ची दुसरी प्रत जगात कुठेही उरलेली नाही. मेंढपाळ-शेतकऱ्याच्या घरात!

हिल टॉपची गोष्ट वेगळी. १९०५ मध्ये लंडनच्या पॉटरबाईंनी पुस्तकांच्या कमाईतून हे शेत घेतलं. शेत सांभाळणारं कुटुंब घरात राहत होतंच. त्यांना हलवण्याऐवजी बाईंनी १९०६ मध्ये बाजूला नवा भाग बांधून दिला आणि जुनं घर स्वतःकडे ठेवलं. त्या भागावर त्यांची आद्याक्षरं आणि साल कोरलेली पाटी आहे. स्लेटचं छप्पर तेच, म्हणून जोड चटकन लक्षात येत नाही. पाटीपासून नजर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा, मग कळते. आतलं जुनं फर्निचर त्यांनी स्वतः निवडून आणलं, खोल्या हव्या तशा लावल्या आणि त्या तशाच ठेवाव्यात असं सांगून ठेवलं. १९१३ मध्ये लग्न झाल्यावर त्या जवळच्याच कॅसल कॉटेजमध्ये राहायला गेल्या. म्हणजे हिल टॉपमध्ये शेतकऱ्याचा संसार बघायला मिळत नाही. जुन्या शेतघरावर जीव जडलेल्या एका चित्रकर्तीनं ते कसं मांडलं, ते दिसतं. जिना, दारं, चूल त्यांच्या चित्रांत जशीच्या तशी आलीत, आणि ती चित्रं बघत वाढलेली मुलं इथे हरखून जातात. मुलं बरोबर असतील तर फार विचार करू नका, हिल टॉपलाच जा.

पॉटरबाईही १९४३ मध्येच गेल्या आणि जाताना ४००० एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्टला देऊन गेल्या. आसपासची कितीतरी दगडी शेतघरं आणि हर्डविक मेंढ्यांचे कळप टिकले, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. हिल टॉपचं घर थोडं निराश करेल, पण हे ऋण लक्षात ठेवून बघितलं तर आजूबाजूचे डोंगरही त्या भेटीचाच भाग होतात.

सोयीचं म्हणाल तर हिल टॉप लहान आहे, प्रवेश ठरावीक वेळेच्या तिकिटावर मिळतो आणि गाडी लावायला जागा थोडी. विंडरमियर तळ्याकाठच्या बोनेसहून फेरीबोटीनं तळं ओलांडून पुढे चालत गेलात तर वाटही सुंदर आहे, मात्र चढ आहे. टाऊनएंडला सहसा निवांत फिरता येतं, खोलीतल्या स्वयंसेवकांशी बोलता येतं. त्यांना विचारलंत तर कोणतं कपाट खरंच जुनं आणि कोणतं जॉर्जच्या हातचं, ते सांगतात. थंडीत दोन्ही घरं बंद असतात, तेव्हा निघण्यापूर्वी वेळा बघून घ्या. पूर्ण दिवस मोकळा असेल तर आधी टाऊनएंड करा आणि दुपारच्या फेरीनं पलीकडे जा. अस्सल शेतघर डोळ्यांत भरलेलं असलं की हिल टॉपमध्ये बाईंनी काय राखलं आणि काय आपल्या मनासारखं केलं, ते ओळखायला सोपं जातं.