माल्टीपूसाठी स्लिकर ब्रश आणि स्टीलचा कंगवा : ८ महिन्यांच्या वापरानंतर

माल्टीपूचे, म्हणजे माल्टीज आणि पूडलच्या संकरातल्या कुत्र्याचे, केस गळत नाहीत, असं सर्रास सांगितलं जातं. गळतात, फक्त खाली न पडता बाकीच्या कुरळ्या केसांत अडकतात आणि तिथेच गुंता धरतो. ८ महिने ब्रश आणि कंगवा दोन्ही वापरून ठाम मत झालंय: एकच घ्यायचं झालं तर कंगवा घ्या.

ब्रश फसवतो. त्याच्या बारीक वाकड्या तारा वरचे केस फुलवतात, कुत्रं कापसासारखं दिसतं, आणि आत कातडीलगत नमद्यासारखा थर जमत असतो. केस बोटांनी बाजूला सारून कातडी दिसेल अशी भांगाची रेघ पाडायची. तिथून कंगवा न अडकता टोकापर्यंत आला, तरच विंचरून झालं. कंगवा अर्धा विरळ, अर्धा दाट दातांचा हवा. आधी विरळ बाजू. कानांमागे, काखेत, शेपटीच्या बुडाशी आणि हार्नेसचे (छातीभोवती बांधायच्या साजाचे) पट्टे घासतात तिथे रोज बघायचं. घरात हार्नेस काढूनच ठेवा.

गाठ सापडली की मुळाशी केस चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. मग टोकाकडून थोडं थोडं सोडवत मुळाकडे या. गाठ तशीच ठेवून आंघोळ घातली तर ती आणखी आवळते. कात्री मात्र नकोच: गाठीबरोबर कातडीही वर ओढलेली असते आणि तीच कापली जाते. गाठ सुटत नसेल तर ग्रूमरकडून (कुत्र्यांचे केस कापणाऱ्याकडून) मशीनने काढून घ्या. वर्षाच्या आसपास पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे येतात, तेव्हा एक दिवसाचीही सुट्टी परवडत नाही.

ब्रशची दुसरी खोट म्हणजे तारा. वापरून वाकल्या की टोचतात. दर आठवड्याला मनगटाच्या आतल्या बाजूवर हलकेच फिरवून बघा. ओरखडा उठला तर बदला.

या कुत्र्यांना 'चिडकी' म्हणतात ते बरेचदा अन्यायाचं असतं. ही कुत्री माणसाला चिकटून राहणारी, पण पंजे आणि हनुवटीला हात लावला की अवघडतात. गुरगुरण्याआधी बरंच काही सांगतात: ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसणं, अंग ताठ होणं. तिथेच थांबा. सुरुवातीला एका पंजावर कंगव्याचे दोन हात, लगेच वाटाण्याएवढा खाऊ, संपलं. गुरगुरल्यावर रागावू नका. इशारा देणं बंद होतं आणि पुढच्या वेळी थेट दात लागतात. खाऊ रोजच्या जेवणातून वजा करा, कारण ५ किलोच्या कुत्र्याचं अर्धा किलो वाढणं म्हणजे १० टक्के वाढ.

दात घासून घेण्याची सवयही याच पद्धतीने लागते. लहान जबड्यात दातांची दाटी असते, कीट लवकर चढतं. पेस्ट कुत्र्यांचीच हवी. माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल हा गोडीसाठीचा पदार्थ असतो, तो कुत्र्यांना विषारी.