काटा म्हणतो पाऊण भरलेली, बॅटरी म्हणते संपले

चौदा महिन्यांपूर्वी माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरमधल्या चार शिशाच्या बॅटऱ्या काढून लिथियम आयर्न फॉस्फेटचा पॅक बसवून घेतला. ३.२ व्होल्टचे १६ सेल, एकूण ५१.२ व्होल्ट, २४ अँपिअर-तास. जुन्या चौघींचं वजन २७ किलो, याचं १२. गाडी मधल्या स्टँडवर चढवताना पहिल्याच दिवशी कंबरेने आभार मानले.

जुन्या बॅटऱ्या शेवटी शेवटी १८ किलोमीटरवर मान टाकायच्या. हा पॅक अजूनही ४२-४३ देतो (वहीत लिहून ठेवते, मला खोड आहे). निम्म्याहून जास्त बॅटरी उतरली तरी चढावर दम तोच. एवढ्यावर पाच तारे दिले असते. एक कापला तो काट्यापायी.

विक्रेत्याने पॅक बदलला, पण डॅशबोर्डवरचे चार ठिपके जुनेच ठेवले. ते व्होल्टेज बघून अंदाज बांधतात. शिशाच्या बॅटरीत हे खपून जातं, कारण चार्जिंग उतरेल तसं व्होल्टेजही उतरतं. फॉस्फेटचं तसं नाही. लिथियम आत शिरताना किंवा बाहेर पडताना फॉस्फेटचा कण सगळीकडून सारखा भरत किंवा विरळ होत नाही; भरलेला भाग आणि रिकामा भाग शेजारी शेजारी राहतात, दोघांमधली हद्द तेवढी सरकते. दोन्ही भाग शिल्लक आहेत तोवर व्होल्टेज जवळपास जागचं हलत नाही. म्हणजे चढावर दम टिकतो ज्या गुणामुळे, त्याच गुणामुळे काटा थापा मारतो.

हे मला कळलं ते पुलाच्या मधोमध. तीन ठिपके लखलखत होते आणि गाडी बंद. बीएमएसने, म्हणजे पॅकमधल्या रखवालदार सर्किटने, सेल फार उतरू नयेत म्हणून पुरवठा तोडला होता. त्याचं काही चुकलं नाही. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, तीन ठिपके आहेत ना? मग चार्जिंग आहे." दोन किलोमीटर ढकलत आले.

आता मी शंटवाला मीटर लावला आहे. आत किती अँपिअर-तास गेले, बाहेर किती आले, याचा तो हिशेब ठेवतो. पंधरवड्यातून एकदा पूर्ण १०० टक्के चार्ज करते. त्याने मीटरचा हिशेबही जुळतो आणि बीएमएसला सगळे सेल एका पातळीवर आणता येतात. मीटर पॅकसोबतच द्यायला हवा होता.

हे रसायन ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातलं. पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांचा शोधनिबंध १९९७ चा. गंमत म्हणजे, त्यांनी ते सुचवलं होतं कमी शक्तीच्या बॅटरीसाठी: स्वस्त, बिनविषारी, पण वीज त्यातून नीट वाहायची नाही. पुढे कण बारीक करून त्यांवर कार्बनचा पातळ थर चढवला गेला, तेव्हा कुठे ते चढ चढायला लागलं. इतर बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांत असतात ते कोबाल्ट आणि निकेल यात नाहीत. मी घेतलं ते मुख्यतः याचसाठी.

खोक्यावर "आग लागूच शकत नाही" असं छापलंय, ते मात्र खोडून टाका. फॉस्फरस ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे कोबाल्टवाल्यापेक्षा हा पॅक पुष्कळ शांत; पण आतला द्रव पेट घेणाराच असतो. एकपानी माहितीपत्रकात शून्य अंशाखाली चार्ज करू नका एवढंच आहे, कारण दिलेलं नाही. (थंडीत चार्ज करताना लिथियम सेलच्या दुसऱ्या टोकाच्या ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्यावर धातू होऊन साचतं आणि सेल कायमचा बिघडतो.)

जाता जाता विक्रेत्याला विचारलं होतं, हा संपला की परत घेणार का? शिशाच्या चारही बॅटऱ्या त्याने मोडीत घालायला मी सांगायच्या आत उचलल्या होत्या. शिशाला भाव आहे. लोखंड आणि फॉस्फेट परत मिळवायला कोण धावणार? म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा बघू."