गादी-बंपर काढून दाखवा, मगच पैसे

वापरलेला बेबी कॉट घेण्यात काहीच गैर नाही. बाळ दीड-दोन वर्षांत त्यातून बाहेर पडतं आणि चांगलं लाकूड त्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. पण पुण्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या गळ्यात जो कॉट मारला गेला, त्यात बाळ झोपलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं आजही माझा जीव घाबरा होतो. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहिते आहे.

जाहिरात अशी होती: इम्पोर्टेड लाकडी कॉट, एकच वर्ष वापरलेला, घरगुती विक्री, सोबत गादी आणि पूर्ण बेडिंग सेट. किंमत नऊ हजार. बहिणीला सातवा महिना होता. ती आणि तिचा नवरा बघायला गेले तेव्हा कॉट एका तळमजल्याच्या खोलीत अगदी सजवून ठेवलेला. चारही बाजूंनी जाड बंपर (कठड्याला आतून बांधायच्या कापडी गाद्या) बांधलेले, वर मच्छरदाणी, आत गादी, रजई, मोहरीची उशी आणि दोन लोड. विकणाऱ्यानं सांगितलं, "आम्ही घर बदलतोय, म्हणून सामान तात्पुरतं इथे ठेवलंय. ताई, बिनधास्त घ्या, आमच्या मुलीनं धड वर्षभरसुद्धा वापरला नाही." पैसे ऑनलाइन, पूर्ण, आणि आधी, कारण टेम्पोवाला खाली खोळंबला होता. कॉट त्यानंच खोलला आणि टेम्पोत चढवला. सजवलेल्या कॉटचं उघडं लाकूड त्या दोघांना नीट बघायला मिळालंच नाही, आणि ते मिळू नये अशीच ती सगळी मांडणी होती.

जोडायला आमच्या ओळखीचे सुतारकाका आले. त्यांनी कठड्याच्या एका उभ्या पट्टीवरून नख ओढलं, तर पांढऱ्या ऑइल पेंटखालून लांबीचा, म्हणजे फटी बुजवायच्या पुट्टीचा, भुगा निघाला. पट्टी वरपासून अर्ध्यापर्यंत तडकलेली होती. फटीत लांबी भरून, घासून वर रंग मारलेला. अंगठ्यानं दाबल्यावर ती आत वाकली. शेजारची एक पट्टी मुळात नव्हतीच. उरलेल्या पट्ट्या थोड्या सरकवून ठोकल्या होत्या, त्यामुळे तीन ठिकाणी फट जवळजवळ आठ सेंटीमीटर झाली होती. दोन पट्ट्यांमधलं अंतर सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, असा अमेरिकेतला नियम आहे. त्यामागचं कारण प्रत्येक आईबापानं लक्षात ठेवावं: रुंद फटीतून बाळाचे पाय आणि कंबर बाहेर जाते, डोकं मात्र अडकतं, आणि बाळ मानेवर लटकतं.

त्याहून भयंकर होती ती वर-खाली सरकणारी बाजू. एका टोकाचा प्लॅस्टिकचा लॉक झिजून गेला होता आणि तिथे बांधकामाची तार पिळून गुंडाळली होती. अशा सरकत्या बाजूचे कॉट अमेरिकेत 28 जून 2011 पासून विकायलाच बंदी आहे, नवे असोत की जुने. ती बाजू एका कोपऱ्यातून निसटते, गादी आणि कठडा यांच्यात खाली निमुळती होत जाणारी फट पडते, बाळ त्यात घसरतं आणि गुदमरतं. बंदीच्या आधीच्या दहाएक वर्षांत अशा किमान 32 मृत्यूंची नोंद तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाकडे झाली होती. आपल्याकडे मात्र असा कॉट 'इम्पोर्टेड' म्हणून चढ्या भावानं विकला जातो. काकांनी तळाची फळी उलटी केली, तर खरवडलेल्या स्टिकरवर 2007 हा आकडा अजून वाचता येत होता. म्हणे एक वर्ष वापरलेला!

रंगाचंही तेच. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल ते डोळ्यांनी कळत नाही, आणि वरून नवा हात मारला की खालचे थर दिसतही नाहीत. दात येताना बाळ कठड्याची वरची कड चावत राहतं, रंगाचे पोपडे सरळ पोटात जातात. जुन्या कॉटला ताज्या रंगाचा वास आला तर तो का रंगवला, हे आधी विचारा.

गादीचं कव्हर नवंकोरं, चेनचं. आत जुनं, तपकिरी डाग पडलेलं दुसरं कव्हर, कुबट वास, आणि स्पंजचे तुकडे डिंकानं चिकटवून केलेला गठ्ठा. तळहातानं दाबला की खड्डा तसाच राहायचा. कॉटपेक्षा ती आखूड होती, पायाकडे माझी मूठ सहज आत गेली. गादी कडक हवी आणि तिच्या कडेला दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहता कामा नये.

आणि तो देखणा बेडिंग सेट! उशी, लोड, रजई, बंपर यांतलं काहीही पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळाजवळ नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तोंडावर आलं तर तान्ह्याला ते बाजूला करता येत नाही. बंपरच्या विक्रीवर अमेरिकेनं 2022 मध्ये कायद्यानं बंदी घातली. आपल्याकडे डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी आजी हौसेनं शिवते. तिचं प्रेम खरं आहे, तरी बाळ झोपलेलं असताना ती काढून ठेवावी. इथे तर हे सगळं तुटकं लाकूड झाकायलाच दिलं होतं.

फोन केल्यावर त्या माणसानं "घेताना बघायचं होतं" असं म्हणून नंबर ब्लॉक केला. मग आम्ही त्याच भागातल्या बाकीच्या जाहिराती चाळल्या. वेगवेगळ्या नावांनी टाकलेले कॉट, प्रॅम, खुर्च्या, आणि प्रत्येक फोटोत खाली तीच करड्या ठिपक्यांची फरशी, तोच कोपऱ्यातला फुटका तुकडा. हा घरगुती विक्रेता नव्हे, भंगारातून माल उचलून रंगवून विकणारा व्यापारी होता. हे महत्त्वाचं आहे, कारण ग्राहक कायदा धंदा करणाऱ्याला लागतो, घरातली एखादी वस्तू विकणाऱ्याला नाही. 'घरगुती विक्री' हे शब्द त्यासाठीच असावेत. त्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट जोडून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. पैसे घेऊन वस्तूच पाठवली नाही, अशी ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच 1930 ला फोन करा.

कॉट बघायला जाताना टेप घेऊन जा, उजेडी जा. अंथरूण आणि बंपर सगळं काढायला लावा, कॉट उलटा करून तळाचं लेबल वाचा, चारही कोपरे जोरात हलवा. बाजू सरकती असेल तर तिथूनच परत फिरा. विकणारा घाई करत असेल तरीही.

तो कॉट बहिणीनं भंगारवाल्याला तसाच दिला नाही. सुतारकाकांनी आधी करवतीनं प्रत्येक पट्टी आणि सरकती बाजू मधोमध कापली, म्हणजे तो पुन्हा जोडून, रंगवून कुणाच्या घरी जाणार नाही.